पहिल्या सुट्टीत कोल्हापूरला जाण्याआधी

जर्मनीत नव्याने आलेल्या कोल्हापूरकरांचे मन घरी जाण्याचे तिकीट काढल्यापासून थाऱ्यावर राहत नाही. कामात लक्ष लागत नाही, पहाटे जाग येते, आणि भारताचे घड्याळ येथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास व हिवाळ्यात साडेचार तास पुढे असल्यामुळे या क्षणी घरी काय चालले असेल, याचा हिशेब दिवसभर डोक्यात सुरू असतो. हा मनाचा कमकुवतपणा समजू नये. इतकी वर्षे येथे राहूनही माझी ही घालमेल गेलेली नाही. तिला कामाला लावावे, एवढेच मी सांगेन.

पहिले काम कागदपत्रांचे. निवास परवान्याची मुदत परतीच्या तारखेनंतरही शिल्लक आहे ना, हे तिकिटाआधीच पाहावे. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना मिळणाऱ्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर निवास कायद्याच्या कलम ८१ चे कोणते उपकलम नमूद आहे, हे नीट वाचावे; उपकलम ४ असल्यास परत येता येते, उपकलम ३ असल्यास केवळ त्या कागदावर येता येत नाही.

विमानाचे तिकीट काही महिने आधी काढता येते, पण महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीच खुले होते, तेव्हा ती तारीख लिहून ठेवावी. शक्य असल्यास जुलै-ऑगस्ट टाळावा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि इतक्या दूरवरून येऊन घराच्या वेशीवर अडकणे फार जिव्हारी लागते. त्यापेक्षा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा निवडावा. हवा चांगली असते आणि त्याच सुमारास अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सवही असतो.

येताना काय आणायचे, याची यादी मनात आधीच तयार होते. कांदा-लसूण चटणी खुशाल आणावी. मात्र युरोपीय संघाबाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे, म्हणजे पेढे आणि खवा नाहीच. कढीपत्त्यालाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हे आईला निघण्यापूर्वीच सांगावे, म्हणजे तिने हौसेने भरलेला डबा शेवटच्या दिवशी पिशवीतून काढण्याची वेळ येणार नाही.

सर्वांत जपायला हवे ते दिवसांना. निघण्याआधीच्या उत्साहात आपण सर्वांना शब्द देऊन बसतो: मामांकडे एक दिवस, तालमीतल्या मित्रांबरोबर रंकाळ्यावर एक संध्याकाळ, एखाद्या ताईकडे तांबडा-पांढरा रस्सा, शिवाय जोतिबाचे दर्शन. मग सुट्टी संपते आणि आईवडिलांशी निवांत बोलणे राहूनच जाते. पहिले दोन दिवस कोणालाही देऊ नयेत. दूरध्वनीवर 'बरं आहे' म्हणणाऱ्या वडिलांना जिना चढताना धाप लागते की नाही, आईला औषधाच्या पाकिटावरची अक्षरे वाचता येतात की नाही, हे घरात वावरल्यावरच कळते. त्यामुळे डॉक्टरांची भेट, बँकेतील नामनिर्देशन आणि घराची राहिलेली दुरुस्ती पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावी. पुन्हा तपासणी करावी लागली किंवा एखादा कागद अपुरा निघाला, तर आपण तेव्हा कोल्हापुरातच असू.