वापरकर्त्याने टाइप केलेलं सूत्र लाखो बिंदूंवर झटपट कसं मोजावं?

समजा, मुंबई बंदरातल्या भरती-ओहोटीचा आलेख काढणारं पान तुम्ही पायथनमध्ये बनवताय. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचं चक्र सुमारे १२.४२ तासांचं, म्हणून कुणी चौकटीत लिहितं: २.५ + १.२ × कॉस(०.५०५९ × ट), इथे ट म्हणजे तास. वर्षभराचे मिनिटागणिक बिंदू झाले ५,२५,६००. प्रत्येक बिंदूला त्या मजकुरावर इव्हॅल (मजकूर पायथन कोड म्हणून चालवणारं फलन) चालवलं, तर तीच अक्षरं तितक्यांदा वाचली, फोडली आणि कंपाइल केली जातात. खरा वेळ तिथे जातो. कॉस काढायला फारसा लागत नाही.

१. मजकूर एकदाच फोडा. घातासाठी लोक ^ लिहितात, पायथनला तो एक्सऑर (बिटांवरची क्रिया) वाटतो. म्हणून आधी त्याचे दोन तारे करा. मग पायथनच्या एएसटी मॉड्यूलने सूत्राच्या रचनेचं झाड बनवून त्यात आकडे, ट आणि तुम्ही ठरवलेल्या क्रिया व फलनंच आहेत ना, ते तपासा. बाकी काही दिसलं की सरळ नकार. सिमपाय (बीजगणिताची लायब्ररी) आणि नमएक्स्प्र (सूत्रं वेगाने मोजणारी लायब्ररी) मजकूर वाचताना आतून इव्हॅलच वापरतात, या तपासणीसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका. घातांकालाही मर्यादा हवीच: ९ च्या घातावर घात रचलेलं सूत्र नियमात बसतं आणि सर्व्हर लटकवतं.

२. तपासून झालेल्या सूत्रापासून सिमपायच्या लॅम्डिफायने नमपायवर (अख्ख्या अ‍ॅरेवर, म्हणजे आकड्यांच्या रांगेवर, एकदम गणित करणारी लायब्ररी) चालणारं फलन बनवा. त्यातला सीएसई हा पर्याय चालू करा, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा भाग एकदाच मोजला जाईल. तयार फलन सूत्राच्या मजकुरासह कॅशमध्ये ठेवा.

३. सगळे बिंदू एकाच फ्लोट६४ (८ बाइटच्या दशांश संख्यांच्या) अ‍ॅरेत द्या. पूर्णांकांचा अ‍ॅरे पूर्णांकी ऋण घाताला अडतो. आणि कुणी नुसतं ५ लिहिलं, तर अ‍ॅरेऐवजी एकच आकडा परत येतो नि आलेख कोसळतो. नमपायचं ब्रॉडकास्ट-टू वापरून तो सगळ्या बिंदूंवर पसरवा.

४. तरीही हळू? इथला प्रत्येक मधला अ‍ॅरे ४.२ एमबीचा असतो आणि मेमरीतून ये-जा करतो. नमएक्स्प्र तेच काम प्रोसेसरच्या कॅशेत मावणाऱ्या तुकड्यांत, अनेक थ्रेडवर करतं. साध्या सूत्राला याची गरज क्वचितच पडते.

न्यूटनच्या रीतीने शून्यस्थान शोधताना मात्र बिंदू एकेक येतो. तिथे नमपाय उलट हळू पडतं; लॅम्डिफायला पायथनचं मॅथ मॉड्यूल द्या.

वेळ पायथनच्या टाइमइट मॉड्यूलने अनेकदा मोजून सर्वांत कमी आकडा धरा. फलन बनवायला लागलेला वेळ वेगळा. जुनी-नवी उत्तरं नमपायच्या ऑलक्लोजने (जवळपास सारखी आहेत का ते पाहणारं फलन) पडताळा, नॅनला (‘संख्या नाही’ ही खूण) नॅन समान धरून. ऋण संख्येच्या वर्गमुळाला मॅथ एरर देतं, नमपाय नुसता इशारा देऊन नॅन भरतं, आणि आलेखात तिथे गुपचूप खाच पडते.