क्लबच्या जुन्या माणसांचा सत्कार: शाल-श्रीफळाच्या आधीची कामं

आयुष्य क्लबात घालवलेल्या माणसांचा सत्कार करायचं ठरलं की कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न निघतो, पाहुणा कोणाला बोलवायचं? मी एका क्रिकेट क्लबचा सेक्रेटरी म्हणून आग्रहाने सांगतो, पाहुण्याचा विषय सगळ्यात शेवटी घ्या. आधी मैदानावरच्या क्लबच्या टेंटमधली लोखंडी पेटी उघडा आणि जुनी स्कोअरबुकं बाहेर काढा.

आझाद मैदानावरच्या लहान क्लबांचा इतिहास अशा पेट्यांतच असतो. पावसाळी दमटपणाने पानं एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढू नका. वही सावलीत उघडी ठेवून वाळू द्या, मग उजेडात मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढा. त्याबरोबर वर्गणीची वही, एन्ट्री फीच्या पावत्या, चेंडूंच्या खरेदीची बिलंही चाळा. शतकं कोणी ठोकली ते सगळ्यांना पाठ असतं. पावतीवर वर्षानुवर्षं एकच सही दिसते, तो माणूस मात्र यादीतून हमखास सुटतो.

आमच्या मुंबईत ही चूक फार महागात पडते, कारण इथलं क्लब क्रिकेट अशाच माणसांनी धरून ठेवलं आहे. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची लीग 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. मॅच होईल की नाही याची खात्री नसताना रविवारी सकाळी किटची बॅग घेऊन येणारा, अकरावा खेळाडू आला नाही म्हणून फोन लावत बसणारा, पाऊस थांबेपर्यंत टेंटमध्ये स्कोअरबुक छातीशी धरून उभा राहणारा, या सगळ्यांमुळे क्लब अगदी खालच्या ‘जी’ डिव्हिजनमध्ये का होईना, टिकतो. क्रिकेटच्या नियमावलीत पहिला नियम खेळाडूंचा, दुसरा पंचांचा आणि तिसरा स्कोअररांचा आहे. चेंडू आणि बॅट त्यानंतर येतात. तुमच्या यादीतही स्कोअररला तेवढ्याच वरची जागा द्या. आणि मैदान सांभाळणाऱ्या माळ्याला विसरू नका. तो मेंबर नाही, वर्गणी भरत नाही, हे कारण मी ऐकून घेत नाही. पिचवर पाणी मारून, रोलर फिरवून ज्याने आपल्याला खेळायला दिलं, तो क्लबचाच. वानखेडे स्टेडियमची पन्नाशी साजरी झाली तेव्हा मुंबई क्रिकेट असोसिएशननेही माळ्यांचा सन्मान केला होता.

एका वर्षी तीन-चार जणांच्या वर जाऊ नका. वीस जणांना रांगेत उभं करून शाली घातल्या तर कोणाबद्दलच काही बोलून होत नाही. क्रम वयाने लावा, कारण इथे थांबायला वेळ नसतो.

नावं ठरली की प्रत्येकाच्या घरी जा. फोनवर भागवू नका. तासभर बसा आणि विचारा: काका, पहिल्यांदा क्लबात कोणी आणलं? कोणती मॅच अजून आठवते? कार्यक्रमात कोणाचं नाव घेतलेलं आवडेल? आमचे स्कोअरर काका या शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “समोरच्या टीमचा स्कोअरर माझ्या शेजारी बसायचा. तो गेला. त्याच्या मुलाला बोलवाल का?” आम्ही बोलावलं. ही गोष्ट कुठल्याच वहीत सापडली नसती.

मानपत्र या गप्पांमधून लिहायचं. ‘निष्ठेने सेवा केली’, ‘क्रीडाक्षेत्रातील मोलाचे योगदान’ ही वाक्यं कोणालाही लागू पडतात, म्हणून काढून टाका. त्याऐवजी असं लिहा: ‘मॅच दहाची असली तरी टेंट आठला उघडलेला असायचा. नव्या मुलाकडे पॅड नसतील तर काका स्वतःचे देत आणि मॅचनंतर परत मागत नसत.’ दीडशे शब्द पुरे. वाचायला क्लबातला सगळ्यात लहान खेळाडू उभा करा आणि त्याच्याकडून आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून घ्या. त्या मुलालाही त्यातून कळतं की आपण कोणाच्या क्लबात खेळतो.

कार्यक्रम हॉलमध्ये नको, मैदानावरच करा. डिसेंबर-जानेवारीतला रविवार धरा, जुने विरुद्ध नवे अशी छोटी मॅच ठेवा आणि सत्कार लंचच्या आधी उरका. म्हातारी माणसं भुकेली ठेवायची नाहीत. कोणाला डायबेटिस असतो, कोणाच्या गोळ्यांची वेळ असते. हाताच्या खुर्च्या सावलीत मांडा. स्वच्छ टॉयलेट किती लांब आहे ते स्वतः चालून बघा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा प्रत्येकाला घरून आणायला आणि परत सोडायला गाडी आणि एक मुलगा नेमून द्या. घरच्यांनाही मानाने बोलवा. रविवार आपण त्यांच्या वाट्याचेच घेतलेले असतात.

भाषणं दोनच, पाच-पाच मिनिटांची. सत्कारमूर्तीला बोलायचं असेल तर मात्र घड्याळ बघू नका.

भेटवस्तूसाठी काचेची ट्रॉफी घेऊ नका. त्यांच्या आठवणीतल्या मॅचचं स्कोअरबुकातलं पान मोठं छापून फ्रेम करा, खाली तारीख आणि मैदान लिहा. जोडीला क्लबची नवी कॅप आणि तहहयात मेंबरशिप. माळ्याला फ्रेम आणि कॅप तर द्याच, पण पाकीटही द्या, आणि ते सगळ्यांसमोर उघडून आकडा जाहीर करू नका. जमत असेल तर औषधपाण्यासाठी छोटा फंड सुरू करा. वर्गणीत प्रत्येकी थोडी भर घातली तरी सुरुवात होते.

फोटो छापून घेतलेत की त्याच आठवड्यात मागच्या बाजूला डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. मानपत्राची एक प्रत पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि यादीत राहिलेल्यांपैकी सगळ्यात वयस्कर कोण ते बघून त्यांच्या घरी जायची तारीख तेव्हाच ठरवून टाका.