जपानी डायनोसॉर फिगर: जबडा नंतर, आधी पाय बघा

आधी काय गोळा करायचंय ते नक्की करा. नुसतं ‘जपानी डायनोसॉर’ म्हणून शोधत बसलात तर खिसा रिकामा होईल आणि कपाटही. नवख्यांना मी एकच नाव सांगतो: चोकोराझाउरुस. यूएचए मिकाकुतो या चॉकलेट-गोळ्यांच्या कंपनीने २००१ साली चॉकलेटसोबत विकायला काढलेली ही बोटाएवढी मॉडेल्स. घडवली ओसाकाच्या काइयोदो या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने, शिल्पकार शिनोबु मात्सुमुरा. एकाच प्राण्याचे दोन-दोन रंग निघायचे, तेव्हा यादी करताना दोन्ही लिहा. मोठी मॉडेल्स हवी असतील तर फेव्हरिट कंपनीची, काझुनारी आराकी यांनी घडवलेली बघा.

याहू ऑक्शन (लिलाव) आणि मेरकारी (जुन्या वस्तूंची विक्री) या जपानी साइट्सवरचे बहुतेक विक्रेते भारतात माल पाठवत नाहीत. एखाद्या प्रॉक्सी सेवेत, म्हणजे जपानमध्ये तुमच्या वतीने माल घेऊन पुढे पाठवणाऱ्या कंपनीत, खातं उघडा, की झालं. शोध मात्र जपानी लिपीतच घ्या. इंग्रजीत शोधलं की परदेशी गिऱ्हाइकासाठी चढवलेले भाव समोर येतात.

खरी मेख आहे फोटो वाचण्यात. लोक टी-रेक्सचा जबडा बघून हुरळतात आणि बोली लावतात. डोक्याला सहसा काही झालेलं नसतंच. मोडतं ते खाली. ही मॉडेल्स तुकड्यांत यायची, घरी जोडावी लागायची, आणि दोन पायांचे प्राणी तळव्याखालच्या बारीक खुंटीच्या आधारावर उभे राहायचे. खुंटी मोडली की टोक बेसच्या भोकात अडकून बसतं. फोटो मोठा करून ते भोक बघा. काळं दिसलं तर रिकामं आहे. प्राण्याच्या अंगाचा रंग दिसला तर खुंटी आतच राहिलीय. शेपटीच्या सांध्यावर काचेसारखी चकाकी म्हणजे कोणीतरी गोंद लावलाय. घोट्यावर पांढुरकी रेघ असेल तर प्लास्टिक तिथे वाकून ताणलं गेलंय, पुढेमागे ते तिथेच तुटणार.

बेस नसलेलं मॉडेल घेऊ नका. ‘बेस काय, नंतर मिळेल’ असं सांगणाऱ्यांनी स्वतः तो कधी शोधलेला नसतो.

वर्णनात ‘केप्पिन’ असेल तर काहीतरी कमी आहे. ‘जंकु’ असेल तर विक्रेत्याने आधीच हात वर केलेत, नंतर तक्रार ऐकून घेणार नाही. माझ्या मते सगळ्यात चांगला माल म्हणजे खोकं उघडलेलं, पण आतली पिशवी बंद. रंग कळतो, तुकडे मोजता येतात. न उघडलेल्या खोक्यामागे धावू नका. आत कोणता प्राणी आहे ते कळत नाही, वर सोबत वीस वर्षांहून जुनं चॉकलेट.

दुर्मीळ नग एकटा विकायला आला की त्याचा भाव विक्रेत्यालाही ठाऊक असतो. म्हणून ‘मातोमे-उरी’, म्हणजे ढिगाने विक्री, तिथे शोधा. पोरं मोठी झाली, आईने पिशवीभर खेळणी काढली, अशा ढिगात हवा तो प्राणी बाकीच्यांखाली दबलेला असतो आणि फोटोत फक्त शेपूट दिसतं. तेवढ्यावरून तो ओळखता यायला हवा. त्यासाठी आधी खोक्यात यायचं त्या मूळ पत्रकाचा फोटो मिळवून पाठ करा.

शेवटच्या सेकंदाला बोली लावायचा सल्ला सोडून द्या. याहू ऑक्शनवर विक्रेत्याने मुदतवाढ चालू ठेवली असेल तर शेवटच्या ५ मिनिटांत चढी बोली आली की वेळ आणखी ५ मिनिटांनी वाढते. कमाल आकडा ठरवा, टाका, झोपा.

पार्सलवर ‘भेट’ लिहून घेण्याचा सल्ला तर त्याहून टाकाऊ. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटवस्तूंना मिळणारी सीमाशुल्काची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. खरी किंमत लिहायला सांगा आणि सीमाशुल्क, टपालखर्च धरूनच बोलीचा आकडा ठरवा. प्रॉक्सीच्या गोदामात चार-पाच वस्तू साठवून एकदमच मागवा.

आल्यावर अंग चिकट लागलं तर कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरे. थिनर नको, रंग उतरेल. पाय वाकलेला असेल तर गरम पाण्यात धरा (उकळत्या नव्हे), मऊ झाला की सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवा. उन्हाच्या खिडकीत मांडलात तर मे महिन्यात पुन्हा हेच करत बसाल.