१५ डॉलरमध्ये ३२ किलो भाजी: ॲरिझोनात पॉववॉवला कसं जायचं आणि एवढ्या भाजीचं करायचं काय

फिनिक्सच्या आसपास म्हणजे चँडलर, गिल्बर्ट, टेंपी, मेसा इकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय, कारण दर थंडीत कोणी ना कोणी विचारतंच की तुझ्याकडे एवढे टोमॅटो येतात कुठून. तर पॉववॉवमधून येतात. हा वाया जाणारी भाजी स्वस्तात वाटायचा उपक्रम, पूर्ण नाव प्रोड्यूस ऑन व्हील्स विदाउट वेस्ट, चालवते मेक्सिकोच्या बॉर्डरवरच्या नोगालेस गावची बॉर्डरलँड्स प्रोड्यूस रेस्क्यू ही संस्था, १९९४ पासूनची. १५ डॉलर द्यायचे आणि ७० पौंडांपर्यंत ताजी भाजी न्यायची, म्हणजे जवळजवळ ३२ किलो, किलोला अर्धा डॉलरसुद्धा पडत नाही. पूर्वी रेट याहून कमी होता, त्यामुळे निघण्याआधी चालू रेट एकदा बघून घ्या.

इतकं स्वस्त म्हणजे माल खराब असणार असं सगळ्यांना वाटतं. तसं नाहीये. हिवाळ्यात अमेरिकेत जे टोमॅटो, काकड्या, ढोबळी मिरच्या, वांगी खातात त्यातला खूप माल मेक्सिकोतल्या सिनालोआ आणि सोनोरामधून नोगालेसच्या बॉर्डरवरून आत येतो, तिथे आणि शेजारच्या रिओ रिकोमध्ये त्याची मोठमोठी गोडाऊन आहेत. भाव पडला, गिऱ्हाईक फिरलं, टोमॅटो जरा जास्त पिकला, काकडी वाकडी निघाली की माल तिथेच अडकतो, आणि मागून ट्रक येतच असतात, मग जागा करायला हा चांगला माल सरळ कचरा डेपोत. नाशिककडे भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेले टोमॅटो ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको. तो अडकलेला माल ही संस्था उचलते आणि अडीच-तीन तास ट्रकने आणून आपल्या गावात वाटते.

दुसरा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. चॅरिटीचं आहे ना, मग आपण चांगल्या नोकरीवाल्यांनी जायचं का, कोणा गरजूच्या तोंडचा घास तर काढत नाही ना? मी स्वतः पहिल्या वर्षी ह्याच विचाराने गेले नव्हते. पण इथे उत्पन्नाची अट नाही, कोणी कागद मागत नाही, सगळ्यांना बोलावतात कारण माल वाया जाऊ नये हाच मुद्दा आहे, आणि ट्रक-डिझेलचा खर्च आपल्यासारख्यांच्या पैशांमुळेच निघायला मदत होते. फूड बँक वेगळी, तिथलं फुकट धान्य अडचणीतल्या घरांसाठी असतं, गरज नसताना तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पॉववॉवला मात्र मोकळ्या मनाने जा, फक्त आणलेलं घरी सडवू नका, मग डेपोत गेलं काय आणि आपल्या कचऱ्यात गेलं काय, एकच.

सीझन साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळा तापेपर्यंत, वार बहुतेक शनिवार, सकाळी, एखाद्या चर्चच्या नाहीतर शाळेच्या पार्किंगमध्ये. ठिकाणं दर आठवड्याला बदलतात, यादी त्यांच्या वेबसाइटवर येते, ती बघूनच निघा. लवकर पोचा. काही ठिकाणी गाडीतून उतरायचंच नसतं, डिकी उघडायची आणि व्हॉलंटियर खोकी ठेवून देतात, काही ठिकाणी रांगेत उभं राहून आपणच घ्यायचं, म्हणून डिकी आधीच रिकामी करा, खाली जुनी चादर घाला, आणि दोन-तीन मजबूत खोकी किंवा कपड्यांच्या बास्केट न्या, पातळ पिशव्या वजनाने फाटतात. थोडे सुटे पैसे जवळ असू द्या. काय मिळेल हे आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे मेनू ठरवून जाऊ नका.

आणि एकटीने सगळं घेऊ नका. आम्ही चार घरं मिळून एक वाटा घेतो, घरटी ३ डॉलर ७५ सेंट आणि आठ-आठ किलो भाजी, पाळीपाळीने एक जण जातो.

खरं काम शनिवारी दुपारी असतं. एकदा मी खोकी गॅरेजमध्ये तशीच ठेवून मंगळवारी उघडली, तळातल्या दोन नासक्या टोमॅटोंनी अख्खं खोकं घालवलं होतं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून घरी आल्याआल्या पेपर पसरून सगळं ओतते आणि तीन ढीग करते, आजचं, आठवड्याचं आणि फ्रीझरचं. कडक टोमॅटो फ्रिजमध्ये नाही, बाहेरच एका थरात. पिकलेले धुऊन पुसून अख्खेच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकायचे, लागतील तेव्हा नळाखाली धरले की साल आपोआप सुटतं, सार करायला एकदम सोयीचं. काकडी आणि वांग्याला फार थंडी सोसत नाही, ती चार दिवसांत संपवा. वांगी जास्त असली तर ग्रिलवर सात-आठ एकदम भाजून, सोलून, गर थोडा थोडा फ्रीझ करते, आयत्या वेळी फोडणी आणि कांदा घातला की भरीत तयार. ढोबळी मिरची चिरून कच्चीच फ्रीझ होते, नंतर मऊ पडते पण पीठ पेरलेल्या भाजीला चालते. फरसबी मात्र उकळत्या पाण्यात तीन मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फ्रीझर. झुकिनी किसून थालीपिठात, फिकट हिरवा मेक्सिकन स्क्वॉश मिळाला तर हरभऱ्याची डाळ घालून अगदी दुधीसारखा करा. बटरनट स्क्वॉशचे घारगे आपल्या लाल भोपळ्यासारखेच छान होतात, आणि तो न कापता गार कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो, म्हणून त्याची घाई नको.

मिरच्यांचं अख्खं खोकं आलं तर घाबरू नका. हालापेन्यो, सेरानो ठेच्याला मस्त, हाबानेरोला मात्र हातमोजे घालूनच हात लावा. सेरानोच्या मी सांडगी मिरच्या घालते, चीर देऊन धणे, मेथी, हिंग, मीठ भरायचं, दह्यात बुडवायच्या आणि उन्हात ठेवायच्या, इथली हवा इतकी कोरडी आहे की वाळवणाला ह्याहून चांगली जागा नाही. वरून जाळी झाका आणि रात्री आत घ्या.