मिरगाआधी वाचा: पाणथळ जागेतला बाल्ड सायप्रस

तळ्याकाठी किंवा पाझराच्या कोपऱ्यात लावायला यंदा कुणी बाल्ड सायप्रसचं, म्हणजे अमेरिकेतल्या दलदलीतल्या पानगळीच्या सूचिपर्णी झाडाचं, रोप आणलं असेल, तर खड्डा खणण्याआधी जागेचं पाणी जिभेवर टेकवून बघा. खारट लागलं तर रोप तिथे लावू नका.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, तर नकोच. मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारातून भरतीचं पाणी आत येतं, आणि या झाडाला गोड्या पाण्याचा चिखल हवा. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याचा तो राज्यवृक्ष. तिथे जहाजांसाठी खणलेल्या कालव्यातून समुद्राचं पाणी आत शिरलं आणि न्यू ऑर्लिन्सजवळची सायप्रसची रानं उभीच्या उभी वाळली. शेताच्या बांधावरही लावू नये. झाड शंभर फुटांवर जातं, सावली भातावर पडते. ओल्या जमिनीत मुळांचे गुडघे वर येतात, म्हणून विहीर, पाट आणि वाट यांपासून लांब ठेवा.

आपली आम्लधर्मी जांभी माती त्याला मानवते. लहान रोप मात्र बुडवू नका, मोठं झाड पाण्यात उभं राहतं म्हणून फसायला होतं. गेल्या पावसात पाणी कुठवर चढलं, त्याची चिखलाची रेघ काठच्या झुडपांवर अजून दिसेल. रोपाचा शेंडा त्या रेघेच्या निदान वीतभर वर हवा. बी पेरायचं असेल तर ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं लागतं, तेव्हा ते काम पुढच्या जानेवारीत. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी तोडू नका.

झऱ्याच्या जागेत जायफळाच्या कुळातली रानझाडं आधीच उभी असतील, तर हा पाहुणा तिथे आणूच नका. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात बांबरच्या निरंकाराच्या देवराईत जाऊन पाहा, चिखलातून वर आलेली गुडघ्यांसारखी मुळं तिथेही आहेत, आणि ती आपली आहेत.

थंडीत पानं तांबूस होतील. पिसासारख्या दोन ओळींची ती बारीक डहाळी पानांसकट गळते आणि रोप काटकीसारखं उरतं. आपल्या उबेत ही गळ उशिरा किंवा अर्धवटही होईल. किनाऱ्यावरचा सुरू बारमाही हिरवा (तो सूचिपर्णी दिसतो, पण नव्हे), त्यामुळे हे रोप मेलं असंच वाटतं. उपटू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर कोयता परत भिंतीला टांगा.