जॉइस्टमधून हीटिंगचे प्लास्टिक पाइप: आधी लाकूड, मग पाइप

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांच्या वरच्या मजल्याला स्लॅब नसतो. फळ्या उचलल्या की खाली दिसतो तो आपल्या वाड्यांतला कडीपाटच. ओळीने टाकलेल्या कड्या म्हणजे जॉइस्ट, त्यांवर फळ्या किंवा चिपबोर्ड आणि खालच्या अंगाला छत. मुंबई-पुण्यात भिंतीला झिरी मारून सीपीव्हीसी बसवायची सवय झालेला हात इथे एक मोठी चूक करतो. बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरपर्यंत नेणाऱ्या हीटिंगच्या पाइपाला जवळची वाट कुठून, एवढंच बघतो आणि तिथे जॉइस्ट कापतो. भिंतीतली झिरी सिमेंटने भरून निघते. जॉइस्टमधून काढलेलं लाकूड परत येत नाही, आणि त्याच जॉइस्टवर माणसं झोपतात. म्हणून या कामात नवीन उतरलेल्यांनी पाइपाच्या आधी लाकूड शिकावं.

भार आला की जॉइस्ट मध्ये झुकतो. त्याची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि उंचीच्या बरोबर मध्यावर दोन्ही ताण जवळजवळ शून्य असतात. म्हणून भोक नेहमी मध्यरेषेवर पाडायचं. खालच्या कडेला खाच कधीच मारायची नाही. लांबीचा विचार केला तर गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, मध्यभागी वाकण्याचा जोर सर्वाधिक असतो आणि टेकूच्या भिंतीजवळ कातर-ताण, म्हणजे लाकूड कातरू पाहणारा जोर, सर्वाधिक. भोकासाठी सुरक्षित पट्टा या दोहोंच्या मधला, म्हणजे टेकूपासून मोजल्यास गाळ्याच्या 0.25 ते 0.4 पट अंतरावरचा. भोकाचा व्यास जॉइस्टच्या उंचीच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठा नको, आणि शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांत मोठ्या भोकाच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर हवं. खाच मारावीच लागली तर ती वरच्या कडेला, उंचीच्या एक अष्टमांशापर्यंत खोल आणि टेकूपासून गाळ्याच्या 0.07 ते 0.25 पट अंतरात. खाच आणि भोक यांच्यात किमान 100 मिमी आडवं अंतर ठेवा.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा दरवेळी मांडून बघा. समजा गाळा 3.6 मीटरचा आहे आणि जॉइस्ट 200 बाय 50 मिमीचा. भोकं कुठल्याही टोकाच्या टेकूपासून 900 ते 1440 मिमीच्या दरम्यान, वरच्या कडेपासून 100 मिमी खाली आणि जास्तीत जास्त 50 मिमी व्यासाची. 15 मिमी पाइपाला 22 मिमीचं भोक पुरतं, मग फ्लो (गरम पाणी नेणारा) आणि रिटर्न (परत आणणारा) पाइपांच्या भोकांची केंद्रं एकमेकांपासून किमान 66 मिमीवर येतात. खाच 25 मिमीपेक्षा खोल नाही आणि ती 252 ते 900 मिमीच्या पट्ट्यात. जुन्या घरांत 175 मिमी उंचीचे जॉइस्ट खूप सापडतात. त्यांत खाचेची मर्यादा जेमतेम 21.9 मिमी येते, म्हणजे 22 मिमीचा पाइप खाचेत नियमाने बसतच नाही.

हे नियम 250 मिमीपर्यंतच्या उंचीच्या सलग, आयताकृती लाकडासाठी आहेत. नव्या घरांतल्या आय-आकाराच्या जॉइस्टच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना करवतीचा दातही लावू नका. मधल्या पातळ फळीत भोक कुठे चालतं हे उत्पादकाच्या तक्त्यात दिलेलं असतं. धातूच्या जाळीचे जॉइस्ट असतील तर पाइप जाळीतून न्यायचा, कापायचं काहीच नाही.

तांब्याच्या पाइपांच्या काळात खाचा सर्रास मारल्या जात, कारण तीन मीटरचा ताठ पाइप 400 मिमी अंतरावरच्या जॉइस्टच्या भोकांतून ओवता येत नाही. गुंडाळीतला प्लास्टिक पाइप ओवता येतो. त्याचा हा खरा फायदा सोडून जुन्याच खाचांत प्लास्टिक टाकणारे आजही पुष्कळ आहेत, आणि ते आम्हाला पटत नाही. जुनी खाच गाळ्याच्या मध्यावर किंवा फार खोल दिसली तर ती आणखी खोल करू नका. बाजूला नवीन लाकूड बोल्टने जोडून जॉइस्ट मजबूत करायचा की कसं, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

भोकं पाडण्याआधी वीज बंद करा आणि केबल कुठून गेल्यात ते प्रत्यक्ष बघा. केबल आणि हीटिंगचा पाइप एकाच भोकातून न्यायचे नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या जॉइस्टवर खूण करून मध्ये सूत मारा, नाहीतर भोकं वरखाली होतात आणि पाइप प्रत्येक ठिकाणी अडतो. दोन जॉइस्टमध्ये मोकळी जागा साधारण 350 मिमी असते. साधं ड्रिल त्यात आडवं बसत नाही, म्हणून तिरकं भोक पडतं. काटकोनी ड्रिल आणि आखूड गिरमिट भाड्याने मिळतं, ते घ्या.

पाइप 'बॅरिअर' (ऑक्सिजन अडवणारा) लिहिलेलाच घ्यायचा. साध्या प्लास्टिकमधून ऑक्सिजन आत झिरपतो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि काळा गाळ पंपात जाऊन बसतो. 15 मिमीच्या फांदीवर, पाण्याच्या तापमानात 20 अंशांची घट धरली तर, चार-पाच किलोवॅट आरामात जातात. बॉयलरऐवजी हीट पंप असेल तर त्याला मात्र पाच अंशांच्या घटीवर तेवढ्याच उष्णतेसाठी चौपट पाणी लागतं. तिथे 22 किंवा 28 मिमीचे पाइप येतात आणि भोकांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. तो मांडल्याशिवाय पाइपाची ऑर्डर देऊ नका.

ओवताना पाइपाच्या टोकाला टेप लावा, नाहीतर भुसा आत जातो आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकतो. एकाने गुंडाळी सोडायची, दुसऱ्याने ओढायचं. थंडीत पाइप ताठ होतो, म्हणून गुंडाळी आदल्या रात्रीपासून घरात ठेवा. लांबी आधी कापू नका. भोकाच्या खरखरीत कडेवर घासून पाइपाला ओरखडे पडतात आणि ओरखडा जोडात ओ-रिंगखाली (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीखाली) आला की गळती ठरलेली. म्हणून पुढचं टोक ओवून झाल्यावर शंभरेक मिमी कापून टाका. वळणाची किमान त्रिज्या 15 मिमी पाइपासाठी कंपनीनुसार 120 ते 175 मिमी असते. त्यापेक्षा घट्ट वळवला तर पाइप मुडपतो, आणि मुडपलेला तुकडा सरळ करून वापरायचा नाही.

जोड बिघडतात ते जवळपास नेहमी घाईत. हॅक्सॉने नाही, पाइप-कटरने गुण्यात कापा. पाइपाच्या टोकात त्याच कंपनीचा इन्सर्ट, म्हणजे आधाराची छोटी नळी, बसवा, कारण दुसऱ्या कंपनीच्या पाइपाची जाडी वेगळी असू शकते. किती आत जायला हवं त्याची खूण करा, तिथपर्यंत ढकला आणि मग जोराने ओढून बघा. आमच्या मते फळ्यांखाली एकही जोड नसावा. घालावाच लागला तर वरची फळी स्क्रूने उघडता येईल अशी ठेवा. जवळपास तांब्याचं डाखकाम असेल तर ते आधी उरका. बॉयलरपासूनचा पहिला मीटर तांब्याचाच ठेवा, आणि गॅस बॉयलरच्या आत हात फक्त गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्यानेच घालायचा.

पाइप तापला की वाढतो, 60 अंशांच्या फरकाला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. भोक घट्ट असेल किंवा क्लिप आवळून मारली असेल तर रात्री हीटिंग सुरू होताच छतातून टकटक ऐकू येते. त्यासाठीच 15 मिमीला 22 मिमीचं भोक. पाइप दोन जॉइस्टमध्ये थोडा सैल असू द्या. तळमजल्याखालच्या हवेशीर पोकळीतून जाणाऱ्या पाइपांवर इन्सुलेशन चढवायला विसरू नका.

फळ्या बसवण्याआधी दाबाची चाचणी घ्या. बॉयलर आणि रेडिएटर वेगळे करून, पाइपाच्या कंपनीने सांगितलेला दाब आणि वेळ पाळा. कमी दाबाचा टप्पा गाळू नका, कारण नीट न ढकललेला जोड काही वेळा जास्त दाबावर घट्ट बसतो आणि कमी दाबावरच गळतो. चाचणी चालू असताना प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवा.

मग मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि फळ्यांवर पाइपाची रेघ पेन्सिलने आखा. 22 मिमी चिपबोर्डमधून 50 मिमीचा स्क्रू जॉइस्टमध्ये 28 मिमी उतरतो, त्यामुळे मध्यरेषेवरचा पाइप त्याच्या आवाक्यात येत नाही. खाचेतला पाइप मात्र फळीला लागूनच असतो. त्याच्यावर पोलादी पट्टी ठोका आणि तिथे स्क्रू मारू नका.