सोयाबीन काढणीच्या आधी : उताऱ्याचा अंदाज आणि भावाची वही

शेंगेत दाणा पूर्ण भरला पण पानं अजून हिरवी आहेत, तेव्हा उताऱ्याच्या, म्हणजे एकरी उत्पादनाच्या, अंदाजाला हात घाला. फुलांवरून काढलेला आकडा सप्टेंबरातल्या एका लांबलेल्या उघडिपीत पार बदलतो. सोबत टेप, वही आणि ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ठेवा.

दोन तासांत (पेरणीच्या ओळींत) 45 सेंमी अंतर असेल तर तासाची 2 मीटर 22 सेंमी लांबी म्हणजे एक चौरस मीटर. बीबीएफवर (रुंद वरंबा-सरी पद्धतीनं) पेरलं असेल तर सरीची मोकळी जागाही हिशेबात धरा, नाहीतर आकडा फुगतो. एकरी निदान पाच जागा घ्या आणि बांधालगतची चार तासं सोडा. जागा डोळ्यानं निवडू नका. ठरलेली पावलं चाला, थांबाल तिथं टेप टाका. चिबडलेलं, पिवळं पडलेलं रान वगळावंसं वाटतं, पण मळणीत तेही येणारच.

प्रत्येक जागेत झाडं मोजा. मग दहा झाडांच्या शेंगा मोजून सरासरी काढा, पोचट शेंगा सोडून. शंभर दाण्यांचं वजन दाणे वाळल्यावरच करा. समजा 30 झाडं, झाडाला 25 शेंगा, शेंगेत 2.2 दाणे आणि शंभर दाणे 11 ग्रॅमचे : चौरस मीटरला 181 ग्रॅम झाले. ग्रॅमला 4.05 नं गुणा, एकरी किलो मिळतात, इथं साधारण 735. गळ आणि मळणीतली नासाडी म्हणून दहा टक्के वजा करा. साडेसहा क्विंटल धरून चाला. काढणी लांबून शेंगा फुटायला लागल्या तर दहा टक्केही कमी पडतात.

आता ओलावा. 16 टक्क्यांचा क्विंटलभर माल 12 वर आणला की साडेपंच्याण्णव किलोच उरतो. म्हणून आडतीतला भाव विचारताना तो किती मॉइश्चरचा, हे आधी विचारा. हमीभावाच्या खरेदीत मर्यादा 12 टक्क्यांची. 2025-26 चा दर क्विंटलला 5,328 रुपये होता. नोंदणीसाठी आधार, बँक पासबुक आणि पीकपेरा नोंदवलेला सातबारा आधीच काढून ठेवा. ई-पीक पाहणी राहिली असेल तर सगळं तिथंच अडतं.

वहीत रोज लातूर बाजार समितीची आवक आणि सर्वसाधारण दर लिहा. कमाल दरावर विसंबू नका, तो एखाद्या निवडक ढिगाचा असतो. शेजारच्या रकान्यात प्लांटचा (तेल काढणाऱ्या कारखान्याचा) खरेदी दर आणि डीओसीचा, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीचा, भाव. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल साधारण 18 किलो निघतं, बाकी बहुतेक पेंडच. त्यामुळे तेल तेजीत असूनही भाव हलत नाही, असं होतं. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्यात डीओसीची जागा खातो, तेव्हा तर हमखास. बाजार नियामक सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवल्यापासून प्लांटच्या दराकडे पाहणं जास्तच गरजेचं झालं.

आयात शुल्काची बातमी तारखेसह टिपा. 30 मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं, तसे बदल आवकेच्या आकड्यांत दिसत नाहीत. अमेरिकी कृषी खात्याचा मासिक अहवाल आपल्याकडे रात्री साडेनऊला, थंडीत साडेदहाला येतो. त्याचा परिणाम सकाळच्या सौद्यात शोधा.

माल थांबवायचा असेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल मिळते, 6 टक्के व्याजानं, 180 दिवसांसाठी. गोदामात जागा आहे का, हे मळणीच्या आधीच विचारून घ्या.